अठरा अक्षरांच्या तीन ओळी

नेब्रास्कात रात्री मी रस्त्याशी बोलते.
म्हणजे खुर्चीतून. खिडकी नसलेल्या खोलीतून,
थर्मासमधल्या पाणचट कॉफीच्या साक्षीनं.
ऐंशी नंबरच्या हायवेवर माझ्या चौसष्ट पाट्या,
एकेका पाटीवर तीन ओळी,
ओळीत अठरा अक्षरं. मोकळी जागाही अक्षरच धरायची.

एरवी मजकूर ठरलेला:
पुढे धुकं आहे. वारा फार, रिकामे ट्रेलर थांबवा.
झोप येत असेल तर बाजूला व्हा.
कुणी होतं की नाही, देव जाणे.

एक वाजून बावीस मिनिटांनी लिंकनहून फोन.
मुलगी. वय सहा. नाव ब्रिन्ली ऑगस्टा हॅवेलका.
वरचा एक दात पडलेला.
अंगात निळा नाइटड्रेस, त्यावर कोल्हे.
पायात काही नाही.
मी सगळं लिहून घेतलं, कोल्हेसुद्धा,
आणि पाटीवर चढवलं ते एवढंच:
मूल पळवलं
करडी शेव्हरोले
आणि गाडीचा नंबर.

नाव बसत नाही.
बसलं असतं तरी नियमात नाही.
ताशी पंच्याहत्तर मैलांनी जाणाऱ्या माणसाला
कोल्हे दिसत नाहीत, गाडी दिसते.

त्याच मिनिटाला कर्नीपासून ओगलालापर्यंत
उशांखालचे फोन एकदम किंचाळले.
शेजारच्या टेबलावर ड्वेनचाही.
मग त्याच्या बायकोचा मेसेज:
बाळ उठलं, आत्ता कुठे निजवलं होतं.
उद्या लोक शिव्या घालतील, तो म्हणाला.
घालू देत. आधी उठून आपलं पोर बघतील,
पांघरूण सारखं करतील,
मग घालतील.

कुणी नेलं?
बापानं, मी म्हटलं.
‘हं,’ म्हणाला ड्वेन,
जशी निम्मी काळजी मिटली.

माझी तिथंच सुरू होते.

अठ्ठ्याहत्तर साली मी सात वर्षांची.
डॅडीनं शाळेच्या फाटकातून उचललं,
म्हणाला, आईला माहितीय.
अकरा दिवस. वायोमिंग, मग आयडाहो.
रात्रीच्या जेवणाला पॅनकेक.
एका मोटेलच्या निळ्या टाकीत
मी पाठीवर तरंगायला शिकले,
त्याचा तळहात खाली होता, मग नव्हता.
बेसिनपाशी उभं करून त्यानं माझे केस कापले, मुलासारखे,
नवं नाव दिलं, खेळ म्हणून,
आणि मी तो इतका मन लावून खेळले
की पेट्रोल पंपावरच्या बाईनं विचारल्यावर
पटकन म्हटलं: रस्टी.
मी हरवलेय हे मला ठाऊकच नव्हतं.
ते घरी आल्यावर कळलं.
दारात आईनं आधी माझे केस चाचपले,
मग मला.

आमची गाडी हिरवी होती.
पाट्या तेव्हा फक्त गावांची नावं सांगायच्या,
आणि किती मैल उरले ते.
त्या बाईनं सुटे परत देताना
माझ्या हातावर लिंबाची गोळी ठेवली होती.
आणखी एक प्रश्न विचारू शकली असती ती.
काय विचारणार म्हणा.

चार वाजून दहा. लिंकन: पाट्या उतरवा.
सापडली?
पलीकडे कुणी नवीन पोरगा होता.
मॅडम, मला एवढंच सांगितलंय.

चांगली बातमी असो की दुसरी,
शब्द एकच आहे: उतरवा.
मी चौसष्ट पाट्या पुसल्या.
थोडा वेळ तशाच काळ्या ठेवल्या,
जे नियमात नाही,
मग लिहिलं, झोप येत असेल तर,
आणि सवयीनं अक्षरं मोजली.

पाळी संपताना टिपणाचा कागद फाडायचा असतो.
त्यावर कोल्हे हा शब्द मी नकळत
गिरवून गिरवून जाड केला होता.
घडी घातली,
थर्मासच्या झाकणात बसली.